पोहोच आणि पडदा : सोव्हिएत वैद्यकाची गोष्ट

१९४४ सालच्या अखेरीस, महायुद्ध चालू असतानाच, हेन्री सिगेरिस्ट नावाचे एक गृहस्थ भारतात आले. देशाच्या आरोग्याची पाहणी करून पुढचा आराखडा आखण्यासाठी सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिला सल्ला द्यायला परदेशांतून बोलावलेल्या तज्ज्ञांपैकी हे एक. जन्म पॅरिसचा, नागरिकत्व स्वित्झर्लंडचे, नोकरी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आणि विषय वैद्यकाचा इतिहास. दवाखाने कुठे नि किती काढावेत हे सांगायला इतिहासाचा प्राध्यापक कशाला, असे तेव्हा कोणाच्या मनात आले असेल तर नवल नाही. पण सिगेरिस्ट यांचा इतिहास थोर डॉक्टरांच्या चरित्रांचा नव्हता. रोगी कोण होता, काय खात होता, त्याला मजुरी किती मिळत होती आणि डॉक्टरची फी कोण भरत होते, हे प्रश्न त्यांनी वैद्यकाच्या इतिहासात आणले. १९३९ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले होते. काही वर्षांतच अमेरिकेच्या सरकारी सेवा आयोगाने त्यांना सरकारी कामासाठी अपात्र ठरवले. कारण त्यांच्या १९३७ सालच्या पुस्तकात होते. सोव्हिएत संघातल्या समाजवादी वैद्यकावरचे हे पुस्तक, आणि त्यात त्या व्यवस्थेची तोंडभरून स्तुती.

त्या पुस्तकासाठी ते रशियन शिकले. १९३५ आणि १९३६ साली सोव्हिएत संघात हिंडले, १९३८ साली पुन्हा गेले. कारखान्यातले दवाखाने, बाळंतिणींची सल्लाकेंद्रे, समुद्रकाठची विश्रामगृहे, क्षयरोग्यांची आरोग्यधामे त्यांनी पाहिली. हे सगळे खरोखर होते. नव्हता तो युक्रेनमधल्या १९३२-३३ च्या दुष्काळाचा हिशेब. आणि पुस्तक बाजारात आले त्याच वर्षी, १९३७ च्या जूनमध्ये, सोव्हिएत संघाचे आरोग्यमंत्री ग्रिगोरी कामिन्स्की यांना पक्षाच्या बैठकीत तोंड उघडल्याबद्दल अटक झाली. पुढच्या फेब्रुवारीत त्यांना गोळी घालण्यात आली. सिगेरिस्ट खोटे बोलले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाहुण्याला जे दाखवतात ते त्यांनी पाहिले. पण रोग्याच्या ताटात काय आहे हे विचारणाऱ्या इतिहासकाराने हा प्रश्न युक्रेनमध्ये विचारू नये, ही चूक लहान नाही.

या व्याख्यानाचा सगळा रोख एका गोष्टीवर आहे. ज्या यंत्रणेमुळे सोव्हिएत वैद्यक शेवटच्या घरापर्यंत पोहोचले, तीच यंत्रणा वाईट बातमीला खालून वर चढू देत नव्हती. या दोन गोष्टी वेगवेगळ्या काळांत किंवा वेगवेगळ्या माणसांच्या हातून घडल्या असत्या तर इतिहास लिहिणे सोपे झाले असते. त्या एकाच इमारतीत, पुष्कळदा एकाच माणसाच्या आयुष्यात घडल्या. चीन आणि क्यूबा यांच्या गोष्टी वेगळ्या आहेत. चीनमध्ये माओंच्या सैन्याबरोबर काम करत १९४२ साली देह ठेवलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर तर एक स्वतंत्र व्याख्यान व्हावे. इथे सोव्हिएत संघापुरतेच बोलायचे आहे.

ही व्यवस्था क्रांतीने शून्यातून उभी केली, असे सोव्हिएत पाठ्यपुस्तके सांगत. ते अर्धेच खरे. १८६४ साली झारच्या रशियात ‘झेम्स्त्वो’ नावाची जिल्हा मंडळे स्थापन झाली. आपल्याकडच्या लोकल बोर्डासारखी ती कर गोळा करत आणि त्यातून पगारी डॉक्टर नेमत. एका डॉक्टरकडे एक टापू, आणि त्याच्या हाताखाली ‘फेल्डशर’ म्हणजे जुजबी शिक्षण घेतलेला मदतनीस. १८९२ साली पटकीच्या साथीत अंतोन चेखव यांच्याकडे असाच एक टापू होता : पंचवीस गावे, चार कारखाने आणि एक मठ. त्यांनी पगारही घेतला नाही. कथाकार म्हणून नाव झालेला माणूस चिखलातून घोडागाडी हाकत खेड्याखेड्यांतून उलटीजुलाबाचे रोगी शोधत होता. या टापूंमधून जे डॉक्टर घडले त्यांना रोगाचे मूळ घरात, विहिरीत आणि दारिद्र्यात दिसत होते. पिरोगोव्ह यांच्या नावाची त्यांची संघटना झारशी भांडत होती. गंमत अशी की क्रांतीनंतर ती बोल्शेविकांशीही भांडली, आणि नव्या राजवटीत टिकली नाही. कल्पना राहिली, ती मांडणारे गेले.

ती कल्पना उचलली निकोलाय सेमाश्को यांनी. कझानला वैद्यक शिकलेले, जिनिव्हात लेनिनबरोबर परागंदा राहिलेले सेमाश्को जुलै १९१८ मध्ये आरोग्य खात्याचे पहिले प्रमुख झाले. पूर्वी रेल्वेचे डॉक्टर वेगळे, सैन्याचे वेगळे, विमा मंडळांचे वेगळे असत. ते सगळे त्यांनी एका छत्राखाली आणले. पण पहिली परीक्षा कागदावरची नव्हती. यादवी युद्धात उवांमधून पसरणाऱ्या टायफसने रशिया पोखरला. दोन-तीन कोटी लोकांना तो झाला असावा आणि तीसेक लाख दगावले असावेत, असे अंदाज आहेत. उवांनी समाजवादाला हरवायचे की समाजवादाने उवांना, एवढाच प्रश्न उरला आहे, अशा आशयाचे लेनिन १९१९ च्या डिसेंबरमध्ये बोलले ते अलंकार म्हणून नव्हे. रेल्वे स्थानकांवर न्हाणीघरे निघाली, कपडे वाफवण्याच्या भट्ट्या लागल्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये देवीची लस सक्तीची झाली होती, आणि १९३६ पर्यंत त्या अवाढव्य देशातून देवी हटली. ज्या देशात निम्म्याहून अधिक लोकांना वाचता येत नव्हते तिथे हे झाले. सोव्हिएत वैद्यकाची निंदा करणाऱ्यांनी ही गोष्ट कधी नीट पाहिलेली नसते.

सेमाश्कोंनी विद्येचाही पाया घातला. ‘सामाजिक आरोग्यशास्त्र’ हा विषय त्यांनी मॉस्को विद्यापीठात स्वतः शिकवला. घर, काम, आहार, मद्य, वेश्याव्यवसाय यांच्या पाहण्या करणारी एक पिढी १९२० च्या दशकात तयार झाली. पस्तीस खंडांचा मोठा वैद्यकीय विश्वकोश १९२८ ते १९३६ या काळात त्यांच्याच संपादनाखाली निघाला. १९३० साली त्यांचे पद गेले, आणि तिथून वारे फिरले. शोषण संपले असे जाहीर केलेल्या देशात ‘रोगाची सामाजिक कारणे’ शोधायची कोणासाठी? विषय सुकत गेला, त्याच्या जागी आरोग्यसेवेची ‘संघटना’ आली. म्हणजे दवाखाने किती, खाटा किती, डॉक्टर किती. आकडे भरपूर होते, पण ते सारे पुरवठ्याचे, आजाराचे नाही.

आता एका माणसाकडे जवळून पाहू. लेव्ह झिल्बर हे मॉस्कोचे विषाणुतज्ज्ञ. १९३७ च्या वसंतात त्यांना अतिपूर्वेच्या जंगलात पाठवले गेले, कारण तिथे नेमलेले सैनिक नि लाकूडतोडे मेंदूच्या एका अनोळखी तापाने मरत होते. झिल्बर यांनी दवाखान्याच्या नोंदी चाळल्या. पहिले रोगी वसंतात लागलेले, तेही जंगलात एकटेदुकटे हिंडणारे. माणसामाणसांत संसर्ग दिसेना. त्यावरून त्यांनी ताडले की हे गोचिडीचे काम आहे. काही महिन्यांत विषाणू हाती आला. चमूतले तरुण संशोधक मिखाईल चुमाकोव्ह यांना तोच ताप झाला. ते वाचले, पण उजवा हात कायमचा अधू झाला आणि ऐकूही कमी येऊ लागले. मोहीम परतली, आणि झिल्बर यांना अटक झाली. आरोप असा की हाच मेंदूज्वर ते मॉस्कोच्या पाण्यातून पसरवणार होते! सुटले, १९४० मध्ये पुन्हा पकडले गेले, आणि उत्तरेला पेचोरा नदीवरच्या छावणीत गेले. कैदी पेलाग्राने, म्हणजे जीवनसत्त्वाच्या अभावाने, कातडी सोलून मरत होते. झिल्बर यांनी रेनडियर खातात त्या शेवाळासारख्या वनस्पतीवर यीस्ट वाढवून त्याचे औषध केले आणि कितीतरी कैदी उभे केले. पुढे दुसऱ्या कैदखान्यात त्यांनी सहकैद्यांना तंबाखू देऊन उंदीर पकडून घेतले, आणि त्या उंदरांवर कर्करोगाच्या विषाणूंचे प्रयोग केले. निष्कर्ष पातळ सिगारेटच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिले आणि भेटीच्या वेळी चोरून बाहेर दिले.

ते ज्यांच्या खटपटीने बाहेर आले त्यांत त्यांच्या पूर्वपत्नी झिनाईदा येर्मोल्येवा होत्या. याही साध्या बाई नव्हेत. १९४२ साली स्टालिनग्राडमध्ये पटकीची साथ येऊ घातली असता वेढ्यातल्या त्या शहरात जिवाणूभक्षक विषाणूंचे, म्हणजे ‘फाज’चे औषध त्यांनी तळघरात बनवले आणि रोज हजारो लोकांना पाजले. त्याच वर्षी मॉस्कोत बाँबपासून बचावाच्या तळघराच्या भिंतीवरून खरवडलेल्या बुरशीपासून त्यांनी सोव्हिएत पेनिसिलीन काढले. झिल्बर यांच्या सुटकेच्या अर्जावर त्यांच्याबरोबर लाल सेनेचे मुख्य शल्यविशारद बुर्देन्को यांचीही सही होती. मार्च १९४४ मध्ये झिल्बर सुटले. त्यांचे धाकटे भाऊ कावेरिन कादंबरीकार. येर्मोल्येवांच्या आयुष्यावर बेतलेली त्यांची कादंबरी सोव्हिएत वाचकांना चांगली ठाऊक होती. राज्याने ज्यांना पदके दिली आणि राज्याने ज्यांना कोठडीत घातले, ते एकाच घरातले होते.

ज्या फाजने स्टालिनग्राड सावरले त्याची सोव्हिएत कर्मभूमी तिबिलिसी. तिथली संस्था गिओर्गी एलियावा यांनी १९२३ साली उभी केली. फाजचे संशोधक फेलिक्स देरेल त्यांचे मित्र. देरेल याआधी भारतात येऊन पटकीवर फाजचे प्रयोग करून गेले होते. एलियावांच्या आग्रहावरून ते जॉर्जियात राहिले, आणि १९३५ साली तिबिलिसीत निघालेले आपले पुस्तक त्यांनी स्टालिनला अर्पण केले. त्या पुस्तकाचे अनुवादक एलियावा १९३७ साली मारले गेले. संस्था मात्र चालू राहिली. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जखमा घेऊन पाश्चात्त्य देशांतले रोगी आज तिथेच जातात.

युद्ध संपल्यावर विद्येवर खरा घाला आला. निना क्ल्युयेवा आणि ग्रिगोरी रोस्किन हे जोडपे एका परजीवीपासून कर्करोगाचे औषध करत होते. १९४६ साली अमेरिकेचे राजदूत त्यांची प्रयोगशाळा पाहून गेले. वैद्यक अकादमीचे सचिव वासिली पारिन अमेरिकेला निघाले तेव्हा पुस्तकाचे हस्तलिखित आणि औषधाच्या काही कुप्या त्यांनी, वरिष्ठांच्या परवानगीने, तिकडच्या शास्त्रज्ञांना दिल्या. परत आल्यावर फेब्रुवारी १९४७ मध्ये त्यांना हेरगिरीबद्दल अटक झाली. शिक्षा पंचवीस वर्षे. आरोग्यमंत्री पदावरून गेले. क्ल्युयेवा आणि रोस्किन यांना भरसभेत ‘प्रतिष्ठेच्या न्यायालया’पुढे उभे करून परदेशापुढे लोटांगण घातल्याचा जाब विचारला गेला. औषध फारसे उपयोगी नव्हतेच, ही त्यातली आणखी एक गोष्ट. पारिन यांनी व्लादिमिरच्या तुरुंगात दोन सहकैद्यांबरोबर एक वेगळेच पुस्तक रचले : कधीच न जन्मलेल्या थोर माणसांचा चरित्रकोश! स्टालिननंतर सुटल्यावर त्यांनी अंतराळ शरीरविज्ञानात नाव काढले, आणि युरी गागारिन यांच्या उड्डाणामागच्या वैद्यकीय तयारीत त्यांचा वाटा होता.

या प्रकरणाची झळ सगळ्या शास्त्रांना लागली. सोव्हिएत नियतकालिकांतले इंग्रजी सारांश बंद झाले. सिगेरिस्ट यांनी १९४३ पासून चालवलेले सोव्हिएत वैद्यकावरचे इंग्रजी नियतकालिक १९४८ मध्ये थांबले. सिगेरिस्ट स्वतःही १९४७ साली बाल्टिमोर सोडून स्वित्झर्लंडमधल्या पुरा या खेड्यात गेले होते. वैद्यकाच्या इतिहासाला आता नवे काम मिळाले, प्रत्येक शोधात रशियन माणूस पहिला कसा, हे दाखवण्याचे. त्यातले काही दावे खरेच भक्कम होते. तंबाखूच्या रोगावर काम करणाऱ्या इव्हानोव्स्की यांनी १८९२ साली विषाणूचा पहिला माग काढला होता. मानासेइन आणि पोलोतेब्नोव्ह यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला हिरव्या बुरशीचे गुण नोंदवले होते, फ्लेमिंग यांच्या अर्धशतक आधी. पण खरे दावे आणि फुगवलेले दावे एकाच पानावर, एकाच सुरात छापले की वाचक दोन्हींवर अविश्वास दाखवतो. सोव्हिएत वैद्यकेतिहासाचे हे नुकसान अजून भरून आलेले नाही.

१३ जानेवारी १९५३ च्या ‘प्राव्दा’त नऊ डॉक्टरांची नावे आली. बहुतेक क्रेमलिनच्या दवाखान्यातले, नवांपैकी सहा ज्यू. पुढाऱ्यांना चुकीचे उपचार देऊन मारण्याचा कट त्यांनी केला, असा आरोप. देशभर लोक डॉक्टरांकडून इंजेक्शन घ्यायला घाबरू लागले. त्या अटकसत्रात सापडलेले शवचिकित्सक याकोव्ह रापोपोर्ट यांनी पुढे आठवणीत एक प्रसंग लिहून ठेवला आहे. मार्चच्या सुरुवातीला चौकशी करणाऱ्याने एकाएकी सूर बदलून विचारले, श्वास थांबून थांबून चालायला लागला, त्याची लय अशी अशी झाली, तर त्याचा अर्थ काय? रापोपोर्ट म्हणाले, रोगी बहुधा वाचत नाही. मग चांगले तज्ज्ञ कोण, हा प्रश्न. त्यांनी नावे घेतली. त्यातले बरेच जण आसपासच्याच कोठड्यांत होते. स्टालिन ५ मार्चला मेला. ४ एप्रिलला ‘प्राव्दा’ने सगळे आरोप खोटे असल्याचे छापले.

आणि तरीही, सहाच वर्षांनी, याच डॉक्टरांनी जगाला पोलिओची तोंडावाटे द्यायची लस दिली. अल्बर्ट सेबिन यांनी अमेरिकेत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू तयार केला होता. तिथे सॉल्क यांची टोचायची लस लाखो मुलांना आधीच दिलेली असल्यामुळे मोठी चाचणी घ्यायला जागाच उरली नव्हती, आणि १९५५ साली एका कंपनीच्या लसीत जिवंत विषाणू राहून मुले लुळी झाल्याने लोक धास्तावले होते. १९५६ च्या जानेवारीत तीन सोव्हिएत संशोधक अमेरिकेत आले : अनातोली स्मोरोदिन्त्सेव्ह, अधू हाताचे चुमाकोव्ह आणि त्यांच्या पत्नी मारिना वोरोशिलोव्हा. शीतयुद्ध ऐन भरात असताना सेबिन यांनी आपले विषाणू त्यांच्या हाती दिले.

चुमाकोव्ह पतिपत्नींनी ती लस आधी स्वतः घेतली, मग आपल्या मुलांना साखरेच्या खड्यावरून दिली. आरोग्य खाते मात्र तयार होईना. सॉल्कची लस आहे, तीच चालू दे, असे म्हणत राहिले. तेव्हा चुमाकोव्ह यांनी क्रेमलिनमध्ये थेट उपपंतप्रधान अनास्तास मिकोयान यांना फोन लावला. लस चांगली आहे का, आणि तुमची खात्री आहे का, एवढेच मिकोयान यांनी विचारले आणि हो म्हटले, अशी आख्यायिका आहे. कायद्याने चाललेल्या देशात असा फोन चालू नये. या देशात तो चालला आणि त्याने मुले वाचली. हे कौतुकाने सांगावे की खंतावून, हे ठरवणे कठीण. मॉस्कोच्या मिठाई कारखान्यात लसीच्या गोळ्या बनू लागल्या, लहान मुले चघळतील अशा. १९५९ अखेर दीड कोटी आणि १९६० मध्ये मिळून ७ कोटी ७० लाखांहून अधिक मुला-तरुणांना लस मिळाली.

अमेरिकेत कोणाचा विश्वास बसेना, कारण सोव्हिएत आकड्यांवर कोणाचाच विश्वास नव्हता. हेच ते जुने कर्ज : खोटे आकडे देण्याची ख्याती असली की खऱ्या आकड्यांनाही जामीन लागतो. तो दिला येल विद्यापीठाच्या डोरोथी हॉर्स्टमन यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने १९५९ साली त्यांना पाठवले. प्रयोगशाळा, नोंदी, कामाची शिस्त सगळे तपासून त्यांनी काम पक्के असल्याचा अहवाल दिला. १९६१ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये पोलिओ पसरला. मुलांना कडेवर घेऊन आया रस्त्यावर उतरल्या, आणि जपान सरकारने १ कोटी ३० लाख मात्रा मागवल्या. त्यातल्या १ कोटी सोव्हिएत संघातून आल्या, उरलेल्या कॅनडातून. आपल्या पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर जे दोन थेंब पाजले गेले, त्यांच्या चाचणीचे मैदान रशिया होते.

देवीची कहाणी याहून मोठी आणि याहून काळी. १९४९ साली जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडलेला सोव्हिएत संघ परत आला, आणि १९५८ साली मिनियापोलिसच्या जागतिक आरोग्य सभेत उपआरोग्यमंत्री व्हिक्तोर झ्दानोव्ह यांनी प्रस्ताव मांडला की देवी पृथ्वीवरून नाहीशी करायची. यजमान अमेरिकेची मने जिंकायला त्यांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी १८०६ साली देवीच्या लसीचे जनक जेन्नर यांना लिहिलेल्या पत्राचा दाखला दिला. शब्दांना जोड होती ती दरवर्षी २ कोटी ५० लाख मात्रांच्या वचनाची. ही लस गोठवून सुकवलेली होती. पूर्वीची पातळ लस उन्हाळ्यात देवीच्या डॉक्टरच्या पेटीतच निकामी होई. सुकवलेली लस भारतातल्या वैशाखातही टिकत असे. १९५८ ते १९७९ या काळात सोव्हिएत संघाने १४० कोटींहून अधिक मात्रा जगाला दिल्या. १९६२ साली भारताचा देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तो मोठ्या प्रमाणात या लसीवर. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी मराठी दंडांवरच्या वणामागे मॉस्कोची कुपी आहे.

या मोहिमेच्या तोंडावरच मॉस्कोला स्वतःला धडा मिळाला होता. पोस्टर-चित्रकार अलेक्सेई कोकोरेकिन १९५९ च्या डिसेंबरमध्ये भारत पाहून परतले. वाराणसीत त्यांनी एक अंत्यसंस्कार पाहिला होता. ताप आला, अंगावर पुरळ उठला. आधी फ्लू, मग औषधाची रिअॅक्शन असे निदान झाले, आणि वर्षअखेरीस ते गेले. देवी कोणाला सुचलीच नाही. तेवीस वर्षांत मॉस्कोच्या डॉक्टरांनी ती पाहिलीच नव्हती. दवाखान्यातल्या इतरांना पुरळ उठू लागल्यावर जानेवारीच्या मध्याला वयोवृद्ध विषाणुतज्ज्ञ मोरोझोव्ह यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखली. चाळीस-पंचेचाळीस लोकांना लागण, तिघांचा मृत्यू. त्यानंतर काही दिवसांत पन्नास लाखांहून अधिक मॉस्कोवासीयांना लस टोचली गेली. दुसऱ्या कोणत्या राजधानीला हे त्या वेगाने जमले असते, हे सांगणे अवघड आहे.

अकरा वर्षांनी हाच वेग पुन्हा दिसला, पण या वेळी पडद्याआड. १९७१ च्या उन्हाळ्यात अरल समुद्रात ‘लेव्ह बेर्ग’ नावाचे संशोधन जहाज फिरत होते. जवळच्या व्होझरोझ्देनिया बेटावर जैविक शस्त्रांचे चाचणीक्षेत्र होते. जहाजावरची एक तरुण मत्स्यसंशोधक आजारी होऊन कझाकस्तानातल्या अराल्स्कला घरी परतली. तिच्या धाकट्या भावाला पुरळ उठला. दहा जणांना देवी झाल्या. त्यांतले लस न घेतलेले तिघे दगावले. गाव बंद झाले, आणि दोन आठवड्यांच्या आत सुमारे पन्नास हजार लोकांना लस टोचली गेली. काम नेहमीसारखेच चोख. मात्र ज्या जागतिक संघटनेला हा देश कोट्यवधी मात्रा फुकट देत होता, तिला यातले अवाक्षर कळवले गेले नाही. २००१ साली माजी उपआरोग्यमंत्री प्योत्र बुर्गासोव्ह यांनी बेटावर देवीच्या शस्त्राची चाचणी झाल्याचे सांगितले, आणि पुढच्या वर्षी साथीचा मूळ अहवाल जगापुढे आला. अमेरिकेत गेलेले शस्त्रसंशोधक केन अलिबेक यांच्या म्हणण्याप्रमाणे या शस्त्रासाठी निवडलेला वाण १९६७ साली भारतातून नेलेला होता. निर्मूलनाचे प्रणेते झ्दानोव्ह यांना सत्तरच्या दशकात त्याच गुप्त कार्यक्रमाच्या शास्त्रीय परिषदेचे अध्यक्षपद देण्यात आले.

सत्तरच्या दशकात पडदा आणखी जाड झाला. मनोरुग्णालयांत मतभेदी लोकांना ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’चे निदान चिकटवून डांबले जात होते. १९७१ साली सोव्हिएत संघात हजार जन्मांमागे २२.९ बालके वर्षाच्या आत मरत होती. १९७४ साली २७.९. त्यातही एक किलोखालचे, आठवड्याच्या आत गेलेले अर्भक त्यांच्या व्याख्येत ‘जन्मलेले’ धरतच नव्हते. वाढीचा काही भाग मध्य आशियातली नोंदणी सुधारल्यामुळे असू शकेल. हे सरकारला उघड सांगता आले असते. त्याऐवजी पुढच्या वर्षापासून आकडा छापणेच बंद झाले. १९८० साली डेव्हिस आणि फेशबाख या संशोधकांनी जुन्या वार्षिकांतून तो जुळवून अमेरिकेत प्रसिद्ध केला, तेव्हा जगात खळबळ उडाली. दर माणशी डॉक्टर आणि खाटा यांत जगात आघाडीवर असलेल्या या देशात एकदाच वापरून टाकायच्या सिरिंजचा मात्र तुटवडा होता. १९८८ साली काल्मिकियातल्या एलिस्ताच्या मुलांच्या रुग्णालयात त्याच त्या सिरिंजमधून सत्तरहून अधिक बालकांना एचआयव्हीची लागण झाली. गोर्बाचोव्ह यांच्या काळात ही बातमी निदान दडली नाही.

भारताने या व्यवस्थेकडून काय घेतले, याचा हिशेब संमिश्र आहे. भोर समितीचा १९४६ चा अहवाल आणि त्यातली प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना यांवर सोव्हिएत प्रयोगाची छाया आहे. परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांनी औषधे सरकारी कारखान्यांत, सोव्हिएत मदतीने बनवावीत असा धोशा लावला. १९६१ साली स्थापन झालेल्या आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीचे हृषीकेश आणि हैदराबादचे कारखाने त्याच मदतीने उभे राहिले. सिगेरिस्ट यांनी भारतात वैद्यकेतिहासाची संस्था हवी असे सुचवले होते. १९५६ साली हैदराबादला डी. व्ही. सुब्बा रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली तसा विभाग सुरू झाला.

शेवटी अल्माआता. सप्टेंबर १९७८ मध्ये कझाकस्तानच्या या तेव्हाच्या राजधानीत १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली. परिषद आपल्याकडे व्हावी यासाठी उपआरोग्यमंत्री व्हेनेदिक्तोव्ह यांनी जिवाचे रान केले होते. चीन आला नाही. पण जाहीरनाम्यामागचा विचार मोठी रुग्णालये आणि तज्ज्ञ डॉक्टर यांच्या सोव्हिएत घडीतला नव्हता. तो गावातल्या साध्या माणसाला हाताशी धरणारा होता. त्याच्या आधारांपैकी एक होते जागतिक आरोग्य संघटनेचे १९७५ सालचे पुस्तक, आणि त्यात एक प्रकरण डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांच्या नगर जिल्ह्यातल्या जामखेड प्रकल्पाचे. तिथे अक्षरओळख नसलेल्या, बऱ्याचदा दलित, खेडूत बायका बाळंतपणे करत, वजने घेत आणि गावातले जन्म-मृत्यू कळवत. १९७१ साली तिथे हजारांमागे १७६ बालके मरत होती. १९७६ साली ५२. सोव्हिएत आकड्याच्या मानाने हे दोन्ही आकडे भयानकच. पण अल्माआतात पाहुण्यांचे स्वागत होत असताना जामखेडचा आकडा कोणालाही विचारता येत होता, आणि यजमान देशाचा चार वर्षांपासून छापलाच जात नव्हता.